उद्याचे दात : मत्स्यसृष्टीतील दंतनवीकरण आणि मूलपेशी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले होते, आणि आजच्या विषयाची पहिली ओळखही मला त्यांच्याच मेजावर झाली. महाविद्यालयातील पहिल्या वर्षी एके सकाळी त्यांनी आम्हा चौघांपुढे एक रोहू ठेवला आणि ‘याचे दात शोधून काढा’ एवढेच सांगून ते निघून गेले. आम्ही त्याचे तोंड उघडून पाहिले, ओठ चाचपले, टाळूवरून बोट फिरविले, आणि अर्ध्या घटकेच्या खटपटीनंतर या माशाला दातच नसतात असा एकमुखी निकाल देऊन मोकळे झालो. गुरुजी परत आले. काही न बोलता त्यांनी कल्ल्याचे झाकण कापले, कल्ल्यांच्या मागची अगदी शेवटची कमान सोडवून घेतली, ती पाण्याने स्वच्छ धुतली आणि आमच्यापुढे धरली. तिच्यावर तीन ओळींत दात उभे होते. मग त्या उभ्या दातांच्या पायथ्याशी असलेल्या मऊ मांसात सुईचे टोक फिरवून त्यांनी काही पांढुरके कण उघडे केले, आणि एवढेच म्हणाले, ‘हे उद्याचे.’

त्या दोन शब्दांचा अर्थ उमगण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली. तो अर्थ जितका मला उमगला तितका आपल्यापुढे मांडावा, हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

दातांविषयी आपण माणसे जो विचार करतो तो स्थावर मिळकतीविषयी करावा तसा करतो, आणि त्यात आपला दोष नाही. निसर्गाने आपल्या वाट्याला दातांचे दोनच हप्ते मंजूर केले आहेत: बाळपणी २० आणि त्यानंतर ३२. तिसऱ्या हप्त्याची तरतूद नसल्यामुळे ऐन पंचविशीत किडलेली दाढ उरलेल्या आयुष्यभर डागडुजी करून राखावी लागते, आणि एकदा ती गेली की तिची जागा कवळीने अथवा धातूच्या खुंटीने भरून काढावी लागते. त्यामुळे दात म्हणजे जपावयाची वस्तू, तो पडणे म्हणजे ऱ्हासाची पहिली वर्दी, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. परंतु पृष्ठवंशी प्राण्यांच्या साऱ्या परिवाराकडे दृष्टी टाकली, म्हणजे ध्यानात येते की ही स्थिती मुख्यतः सस्तन प्राण्यांची आहे. मासे, बेडूक, सरडे, साप आणि सुसरी यांच्या बहुसंख्य कुळांत दात पडणे ही नित्याची घटना असते, आणि पडलेल्या दाताच्या जागी येणारा दात बहुधा आधीच तयार होत आलेला असतो.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण शार्कच्या कुळात सापडते. आपल्या किनाऱ्यावर जिला मुशी किंवा मोरी म्हणतात ती याच कुळातील; बाजारात कोळणीच्या पाटीवर मोरी पडलेली असेल तर तिच्या जबड्याची आतली कड जरा वाकून पाहावी. बाहेरच्या, कामावर असलेल्या दातांच्या मागे दुसरी ओळ, तिच्या मागे तिसरी, अशा एकाखाली एक दडलेल्या ओळी तेथे दिसतील. शार्कचे दात जबड्याच्या कूर्चेत रोवलेले नसतात. जबड्याच्या कडेवरून ओढून घेतलेल्या एका चिवट तंतुमय पटलात ते बसविलेले असतात. आतल्या अंगास, जिभेच्या बाजूला, तोंडाच्या अस्तराची एक खोल घडी असते. तिच्या तळाशी दात जन्म घेतात, आणि पटल जसजसे सावकाश पुढे सरकते तसतशी प्रत्येक ओळ वर चढून कडेवर उभी राहते, काही काळ चाकरी करते आणि बाहेरच्या बाजूने गळून पडते. विहिरीवरच्या रहाटगाडग्याची माळ ज्याने पाहिली आहे, त्याला ही रचना वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. या रहाटाची गतीही मोजली गेली आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या नर्स शार्कच्या अभ्यासात उन्हाळ्यातील उबदार पाण्यात एक ओळ बदलण्यास ९ ते २१ दिवस लागतात, तर हिवाळ्यात तीच मुदत ५० ते ७० दिवसांच्या घरात जाते, असे आढळले.

या गळलेल्या दातांनी मानवी ज्ञानाच्या इतिहासातही एक मोठी कामगिरी बजावली आहे. माल्टा बेटावरच्या खडकांत सापडणारे त्रिकोणी, चकचकीत दगड म्हणजे सर्पांच्या अश्मीभूत जिव्हा होत, अशी युरोपात शतकानुशतके समजूत होती, आणि विषावर उतारा म्हणून त्यांना मोठी मागणी असे. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी पकडलेल्या एका प्रचंड शार्कचे मस्तक फ्लॉरेन्सच्या दरबारातून निकोलस स्टेनो या तरुण डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी आले. त्याने त्याचे दात त्या दगडी जिव्हांशी ताडून पाहिले, आणि १६६७ च्या आपल्या प्रबंधात हे दगड म्हणजे पुरातन शार्कांचे दात होत, ही बाजू समर्थपणे मांडली. खडकांच्या थरांत पूर्वीच्या सृष्टीचे दप्तर जपून ठेवलेले असते, हा विचार पुढे त्यानेच विस्ताराने मांडला. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने तो सहसा अश्मीभूत होत नाही; दात मात्र टिकतात, आणि एकेक शार्क आयुष्यात हजारो दात टाकून देत असल्यामुळे ते विपुल सापडतात. भूविज्ञानाच्या पायाभरणीत ज्या चिऱ्यांचा उपयोग झाला, त्यांपैकी काही एका प्राण्याने निरुपयोगी म्हणून टाकून दिलेले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

अस्थिमत्स्यांचा, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांचा, व्यवहार शार्कहून निराळा आहे. त्यांच्यात सामान्यतः एका दाताला एक वारस, असा नियम चालतो. उत्तर पॅसिफिक महासागरात लिंगकॉड नावाचा एक शिकारी मासा आहे. त्याच्या मुखात आणि घशातील जबड्यांवर मिळून सरासरी ५५५ दात असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर येथील सागरी प्रयोगशाळेत काही संशोधकांनी २० लिंगकॉड प्रथम दातांवर तांबडा रंग चढविणाऱ्या द्रव्याच्या पाण्यात ठेवले, आणि काही दिवसांनी हिरवा रंग चढविणाऱ्या दुसऱ्या द्रव्याच्या पाण्यात. जे दात पहिल्या वेळी अस्तित्वात होते त्यांच्यावर दोन्ही रंग उमटले. मधल्या काळात जे नव्याने उगवले त्यांच्यावर हिरवा तेवढा उमटला. दहा हजारांहून अधिक दात अशा रीतीने तपासल्यावर २०२१ साली त्यांनी जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा, की हा मासा दररोज सरासरी २० दात गमावतो आणि तितकेच नवे मिळवतो. दक्षिण अमेरिकेतील पिरान्हाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्याचे शेजारचे दात एकमेकांत अडकविलेले असल्यामुळे एकट्यादुकट्या दाताला निवृत्त होता येत नाही. जबड्याच्या एका बाजूचे सारे दात एकदमच जातात, पण त्यांच्या जागी यावयाची पूर्ण ओळ त्या आधीच खालच्या पोकळीत सज्ज होऊन बसलेली असते.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. बहुतेक अस्थिमत्स्यांचा दात जबड्याच्या हाडाशी हाडानेच जोडलेला असतो. तो नुसता झिजला म्हणून सुटत नाही. त्याच्या पायाचे हाड विरघळविणाऱ्या पेशी तेथे रीतसर दाखल होतात, जोड सैल करतात, आणि मगच तो पडतो. याचा अर्थ, दात पडणे हा बहुधा अपघात नसतो. जुन्याची रवानगी आणि नव्याची नेमणूक ही एकाच कारभाराची दोन कलमे असतात.

आता साहजिकच असा प्रश्न उभा राहतो की इतके दात घडविण्याचे द्रव्य येते कोठून? दात कठीण असतो खरा, पण त्याचा आरंभ अत्यंत मृदू असतो. तोंडाचे अस्तर एका ठिकाणी जाड होते, आतल्या सैल ऊतकात घुसते, आणि त्या दोघांच्या परस्पर संकेतांतून कळीसारखा अंकुर फुटतो. अस्तराच्या पेशी त्या अंकुराला घाट देतात, आणि खालच्या ऊतकातील पेशी दाताचा मुख्य भाग असलेले दंतिन घडवितात. अस्तराची ही आत शिरलेली पट्टी म्हणजे दंतपट्ट. शार्कमध्ये हा दंतपट्ट आमरण कायम राहतो. पण केवळ पट्टी कायम राहून भागत नाही. तिच्यातून एकामागून एक हजारो अंकुर फुटूनही ती संपत का नाही, याचे उत्तर हवे असते, आणि ते उत्तर म्हणजे मूलपेशी.

मूलपेशीची कल्पना आपल्या शेतकऱ्याला परकी वाटू नये. कोकणात भाताचे बियाणे पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून निराळे ठेवीत, आणि पावसाळ्याच्या तोंडी घरात दाणा उरला नाही, सावकाराचा तगादा लागला, तरीही त्या मुड्याला हात लावीत नसत. कारण खाण्याचे भात आणि पेरण्याचे भात दिसावयास सारखे असले तरी त्यांचे धर्म भिन्न आहेत, हे त्या घरातील लहान पोरालाही ठाऊक असे. शरीरातील बहुतेक पेशी खाण्याच्या भातासारख्या असतात: त्यांना नेमून दिलेले काम त्या करतात आणि संपतात. मूलपेशी हे पेरण्याचे भात होय. ती विभागते तेव्हा तिच्या संततीपैकी काही पेशी दात घडविण्याच्या कामी रुजू होतात, आणि काही तिच्याच जागी, तिच्याच धर्माने मागे राहतात. त्यामुळे खर्च अखंड चालतो, आणि मुद्दलाला धक्का लागत नाही.

ही बेगमी कोठे ठेवलेली आहे हे शोधण्याची एक चतुर युक्ती आहे. विभागणाऱ्या पेशी नवे जनुकद्रव्य तयार करीत असताना त्यात ओळखू येईल असा एक घटक मिसळावयाचा, आणि मग वाट पाहावयाची. ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांच्यातील ती खूण पिढीगणिक फिकी होत जाते. ज्या पेशी क्वचितच विभागतात त्यांच्यात ती दीर्घकाळ टिकते. मूलपेशी पुष्कळदा संथ वृत्तीच्या असल्यामुळे या खुणेने त्यांचा माग लागतो. दुसरी खूण जनुकांची. सॉक्स-२ या नावाचे एक जनुक अनेक प्रकारच्या मूलपेशींत जागृत असते. प्रौढ पेशीला पुन्हा मूलावस्थेत नेण्यासाठी जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली जी चार जनुके वापरली त्यांपैकी ते एक होय. २०१६ साली इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील गॅरेथ फ्रेझर आणि त्यांचे सहकारी यांनी कॅटशार्क या लहान शार्कच्या दंतपट्टात सॉक्स-२ धारण करणाऱ्या पेशी दाखविल्या. इतकेच नव्हे, तर दात आणि चव ओळखणाऱ्या रुचिकलिका या दोहोंना पेशी पुरविणारे प्रदेश तोंडाच्या अस्तरात परस्परांलगत असल्याचेही दाखवून दिले. भक्ष्य पारखणारी आणि भक्ष्य फाडणारी अशी दोन्ही इंद्रिये एकाच घरची निघावीत, यात मला सृष्टीच्या काटकसरीचे दर्शन घडते.

तथापि सर्व माशांत कायमचा दंतपट्ट असतोच असे नाही. ज्या झेब्राफिशवर आज जगभरच्या प्रयोगशाळांची भिस्त आहे, तो मूळचा आपल्याच उपखंडातील. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या गंगेतील माशांच्या ग्रंथात त्याचे पहिले वर्णन येते. तो रोहूच्याच कुळातला, त्यामुळे त्याच्याही मुखात दात नाहीत. घशातील शेवटच्या कमानीवर प्रत्येक बाजूस ११ दात तीन ओळींत असतात. सामन माशात, आणि बऱ्याच अंशी झेब्राफिशमध्येही, प्रत्येक दाताच्या भोवतीच्या अस्तरातूनच त्याच्या वारसाचा अंकुर निघतो. म्हणजे मुड्याची कोठी सामायिक नसून ती घरोघर वाटलेली आहे. अशा वाटलेल्या व्यवस्थेत खऱ्या अर्थाने मूलपेशी असतात काय, हा प्रश्न बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या अ‍ॅन हॉयसन आणि हेलसिंकीच्या इर्मा थेस्लेफ यांनी २००४ साली स्पष्टपणे उपस्थित केला, आणि त्यावरील चर्चा अद्याप मिटलेली नाही. शास्त्रातील असा खुला प्रश्न मला एखाद्या मिटलेल्या सिद्धांतापेक्षा अधिक आदरणीय वाटतो, कारण त्यातही उद्याचे काहीतरी असते.

नवीकरणाचा हा वेग उत्क्रांतीच्या हाती एक साधन बनतो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. हिमयुग ओसरल्यावर समुद्रातील काही काटेपाठी मासे, ज्यांना स्टिकलबॅक म्हणतात, कॅनडाच्या पश्चिम भागातील गोड्या पाण्याच्या तळ्यांत येऊन स्थायिक झाले. तेथील पॅक्स्टन नावाच्या तळ्यात तळाशी राहून टणक किडे खाणाऱ्या माशांच्या घशात समुद्रातील भाऊबंदांपेक्षा जवळजवळ दुप्पट दात आढळतात. हे जादा दात जन्मतः नसतात. वाढीच्या उत्तरार्धात, दात बदलण्याचा वेग वाढल्यामुळे ते साचत जातात. बर्कली येथील क्रेग मिलर यांच्या गटाने २०१४ साली दाखविले की बीएमपी-६ या संकेत-प्रथिनाच्या जनुकावर ताबा ठेवणाऱ्या भागातील फरकाचा या वाढीशी निकट संबंध आहे. आफ्रिकेतील मलावी सरोवरात सिक्लिड माशांच्या शेकडो जाती नांदतात. त्यांपैकी खडकावरचे शेवाळ खरवडणाऱ्यांना दात आणि रुचिकलिका दोन्हीही पुष्कळ असतात, आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपणाऱ्यांना दोन्हीही थोड्या. आहार बदलला की दातांचा जमाखर्च बदलावा लागतो. आणि जेथे दात सतत नव्याने घडतात, तेथे हा बदल करण्याची संधीही सतत खुली राहते.

मग ही एवढी समृद्ध व्यवस्था आपल्या पूर्वजांनी का सोडली? त्याचे एक संभाव्य कारण चर्वण हे मानले जाते. शार्कला फाडावयाचे असते, लिंगकॉडला पकडावयाचे असते; त्यांच्या एका दाताचे दुसऱ्याशी नेमके जुळणे अगत्याचे नसते. सस्तन प्राणी घास चावतो, वरच्या दाढेची टेकाडे खालच्या दाढेच्या खळग्यांत अचूक बसवितो, आणि त्यातून उष्ण रक्ताला लागणारी भरपूर ऊर्जा पदरात पाडून घेतो. ज्या जात्याची तळी रोज बदलते, त्याला पीठ बारीक दळता यावयाचे नाही. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य सस्तनसदृश प्राण्यांच्या अवशेषांतच दातांच्या दोन पिढ्यांची पद्धत दिसू लागते. मातेच्या दुधामुळे तान्ह्याला काही काळ दातांवाचून वाढता येऊ लागले, जबडा आधी मोठा होऊ लागला, आणि दोन पिढ्यांवर काम भागू लागले. आपण दुधाचे दात म्हणतो ते नुसते लाडाचे नाव नसून त्यात कोट्यवधी वर्षांचा एक करार दडलेला आहे: अचूकपणा घेतला, आणि त्याच्या मोबदल्यात नवीकरण दिले.

परंतु करार झाला म्हणून बियाणे समूळ नष्ट झाले काय? निसर्गाच्या दप्तरात जुन्या नोंदी सहसा खोडल्या जात नाहीत. सस्तनांच्या जवळचे म्हणून नव्हे, पण दातांना खोबणीत बसविण्याच्या आपल्याच पद्धतीचे म्हणून, अमेरिकन अ‍ॅलिगेटर या मगरीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे: तिच्या ८० दातांपैकी प्रत्येक दात सुमारे ५० वेळा बदलू शकतो, आणि २०१३ साली चेंग-मिंग च्वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या दंतपट्टाच्या टोकाशी मूलपेशींचा साठा दाखविला. उंदराचा पुढचा कुरतडणारा दात जन्मभर वाढत राहतो, तो बुडाशी असलेल्या मूलपेशींच्या जोरावर. त्याच उंदराच्या दाढांशेजारी वारस-दंतपट्टाचा एक निद्रिस्त अवशेष असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी त्याला योग्य संकेत देऊन दात घडविण्यास प्रवृत्त करता येते असे दाखविले आहे. मनुष्यातही रनएक्स-२ या जनुकातील बिघाडाने होणाऱ्या एका विकारात ठरल्यापेक्षा कितीतरी जादा दात उगवतात. आणि जपानमध्ये कात्सु ताकाहाशी यांच्या गटाने दातांची वाढ रोखून धरणाऱ्या एका प्रथिनाला अटकाव करणारे प्रतिपिंड प्राण्यांत वापरून नवा दात उगवविल्यावर २०२४ साली क्योटो येथे मानवी चाचणीचा पहिला टप्पा सुरू झाला. हा टप्पा औषधाच्या सुरक्षिततेची परीक्षा घेण्याचा होता, हे विसरून कोणी उताविळीने आशा बांधू नये. तथापि ज्या दिशेने हे पाऊल पडले आहे, त्या दिशेने मासे केव्हाचेच चालत आले आहेत, हेही विसरू नये.

श्रोतेहो, इतक्या विवेचनातून मला जे सांगावयाचे आहे ते असे. टिकाऊपणा दोन प्रकारचा असतो. एक वस्तूचा, जो कठीणपणावर अवलंबून असतो. आणि दुसरा परंपरेचा, जो मागे राखलेल्या बियाण्यावर अवलंबून असतो. दंतवल्काइतका, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचाइतका, कठीण पदार्थ आपल्या देहात दुसरा नाही, तरीही तो किडतो, तडकतो. आणि शार्कची दंतपंक्ती, जिचा एकही दात फार दिवस टिकत नाही, ती त्या प्राण्याच्या अंतापर्यंत धारदार राहते, कारण घडीच्या तळाशी असलेल्या त्या मृदू, संथ पेशींना दात बनण्याची घाई नसते. जी पेशी दात बनते ती सेवा करते आणि संपते. जी दात बनण्याचे नाकारून मागे थांबते, तिच्यामुळे उद्याचा दात संभवतो.

आमच्या गुरुजींनी आपल्या नावावर एकही ग्रंथ लिहून ठेवला नाही. वर्षानुवर्षे ते नव्या मुलांच्या मेजावर रोहू ठेवीत राहिले, आणि ‘हे उद्याचे’ म्हणत सुईचे टोक त्या पांढुरक्या कणांवर नेत राहिले. त्या वेळी मला वाटले होते की ते माशाच्या दातांविषयी बोलत आहेत. आज या सभागृहात मागच्या ओळींत बसलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहताना ध्यानात येते, की ते शब्द आम्हा चौघांनाही उद्देशून होते. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण पुरे करतो.